सुटे आइस्क्रीम कशाचे, हे गल्ल्यापाशी लिहिलेले असावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पुरवणीत कोल्हापूरच्या खाद्यपरंपरेवर नुकताच प्रसिद्ध झालेला लेख आवडीने वाचला. तांबडा-पांढरा रस्सा, मिसळ, भेळ आणि दूधकट्टे यांना त्यात योग्य तो मान मिळाला आहे. मात्र रात्रीची जेवणे आटोपली की महाद्वार रोडपासून राजारामपुरीपर्यंत आणि मिरजकर तिकटीपासून रंकाळ्यापर्यंत जी कुटुंबे ‘थंड खायला’ म्हणून बाहेर पडतात, त्यांच्या वाट्याला लेखात जेमतेम अर्धे वाक्य आले. ती उणीव भरून काढण्याचा अधिकार माझा नाही. परंतु त्या निमित्ताने एक मागणी मांडावीशी वाटते. शहरात सुटे आइस्क्रीम विकणाऱ्या प्रत्येक दुकानाने, ते दुधाच्या फॅटचे आहे की वनस्पती तेलाचे, आणि दुकानातच बनविले आहे की बाहेरून आणले आहे, एवढ्या दोन गोष्टी गल्ल्यापाशी ठळक अक्षरांत लिहून ठेवाव्यात, अशी ती मागणी आहे.

ज्या दुकानावरून हा विषय सुचला ते जुन्या पेठेतले असून एकाच कुटुंबाने चालविलेले आहे. पत्राची जाहिरात होऊ नये म्हणून त्याचे नाव देत नाही. शिवाय अशी दुकाने शहरात आणखीही आहेत. दोन दारांचा दर्शनी भाग, आत थोडीशी बाके, भिंतीवर दुकान सुरू करणाऱ्या आजोबांची तसबीर आणि तिच्या शेजारी राजर्षी शाहू महाराजांचे चित्र, असा सगळा साधा मामला आहे. गल्ल्याला लागून एक काळा फळा टांगलेला असतो. त्यावर सकाळी खडूने लिहिले जाते: आज कोणकोणती आइस्क्रीम बनविली, दूध म्हशीचे की गाईचे, फळ ताजे की डब्यातले, अंडे नाही, वनस्पती तेल नाही; आणि अगदी शेवटी, जेली व चेरी बाहेरची. ही शेवटची ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्याकडे जे बनत नाही तेही जो दुकानदार न विचारता लिहून ठेवतो, त्याने वर लिहिलेल्या ओळींवर विश्वास ठेवायला गिऱ्हाइकाला अडचण वाटत नाही.

गेल्या उन्हाळ्यात अमेरिकेहून आलेल्या भाचीला आणि घरच्या मंडळींना घेऊन मी त्या दुकानात गेलो, तेव्हा मालकांच्या परवानगीने मागची खोलीही पाहायला मिळाली. (आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकविल्यामुळे अशा खोल्यांत डोकावण्याचा मोह मला आवरत नाही, आणि आमच्या घरच्यांना त्याची आता सवय झाली आहे.) तेथे पहाटे म्हशीचे दूध येते. गंगावेशीसारख्या कट्ट्यावर डोळ्यांदेखत धार काढून दूध घेण्याची सवय असलेल्या या शहरात दुधाची पारख शिकवावी लागत नाही. म्हशीच्या दुधात साधारणपणे सहा ते आठ टक्के फॅट असते आणि गाईच्या दुधात साडेतीन-चार, हे येथे दूध संस्थेत घागर घेऊन जाणाऱ्या पोरालाही ठाऊक असते. सात टक्के फॅटचे दूध आटवून दोन-तृतीयांश केले की ते दहा टक्क्यांच्या थोडे पुढे जाते, आणि आइस्क्रीम म्हणवून घेण्यासाठी आपल्या अन्नसुरक्षा नियमांनी किमान दहा टक्केच दुग्धफॅट सांगितले आहे. या कुटुंबातील आजोबांनी ते नियम होण्यापूर्वीच, केवळ हाताच्या अंदाजाने, तेवढेच दूध आटवायला सुरुवात केली होती.

दूध आटत आले की थंड दुधात कालवलेली कस्टर्ड पावडर बारीक धारेने त्यात सोडायची आणि तळ सोडवत ढवळत राहायचे, हे काम मालकांच्या पत्नी करतात आणि ते दुसऱ्या कोणाच्या हाती देत नाहीत. “गुठळी झाली तर गाळून घेता येतंय, सर, पण खाली लागलं तर आख्खं पातेलं वाया जातंय,” असे त्यांनी हातातला उलथना न थांबवता सांगितले. या पावडरीत मुख्यत्वे मक्याचे पीठ असते. त्यातील स्टार्चचे कण उष्णतेने फुगतात आणि पाणी धरून ठेवतात. मोकळे पाणी कमी राहिले की गोठताना बर्फाचे मोठे स्फटिक तयार होत नाहीत आणि आइस्क्रीम जिभेला खरखरीत लागत नाही. पुढे हे मिश्रण लगेच गोठवत नाहीत, तर थंड करून काही तास मुरत ठेवतात, कारण तेवढ्या वेळात दुधातले फॅट घट्ट होते आणि यंत्रात घुसळताना मिसळलेली हवा नीट धरून ठेवते. घाईच्या दिवसांत हा वेळ वाचविण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. मालकांच्या थोरल्या मुलाने तसे एकदा करून पाहिले आणि गिऱ्हाइकांनी पहिल्याच चमच्याला ओळखले, हे तो स्वतःच हसत हसत सांगत होता.

आजोबांचा लाकडी पॉट आता कोपऱ्यात असतो, पण तो अडगळ म्हणून नव्हे. हापूसच्या दिवसांत मागणी आली तर आजही तो बाहेर निघतो. मधल्या डब्याभोवती बर्फ आणि खडेमीठ भरून दांडा फिरवायचा, ही कृती आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी लग्नघरी पाहिली असेल. मिठामुळे बर्फ शून्य अंशाच्या खालीही वितळत राहतो आणि वितळण्यासाठी लागणारी उष्णता डब्यातल्या दुधातून ओढून घेतो. प्रमाण अचूक साधले तर मीठ आणि बर्फाचे हे मिश्रण उणे 21 अंश सेल्सिअसपर्यंत उतरू शकते. पॉटसाठीही हे कुटुंब खाण्याचाच बर्फ आणते. बर्फ डब्याच्या बाहेर असतो हे खरे, पण झाकण काढताना खारे पाणी आत कधी उडेल याचा नेम नसतो, असे त्यावर त्यांचे म्हणणे. खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग घालण्याची सक्ती राज्यात 2018 पासून झाली आहे. ती किती ठिकाणी पाळली जाते, हा वेगळ्या पत्राचा विषय आहे.

या सगळ्याचे अखेरचे रूप म्हणजे कोल्हापूरच्या माणसाने परगावी गेल्यावर हमखास आठवण काढावी असे ‘कॉकटेल’. ज्या वाचकांनी ते खाल्लेले नाही त्यांच्यासाठी सांगतो की, यात मद्याचा संबंध नाही. उंच ग्लासात फळांचे तुकडे, जेली, थंड कस्टर्ड, त्यावर दोन-तीन प्रकारच्या आइस्क्रीमचे गोळे आणि सुकामेवा, असा तो ऐवज असतो. माझे प्रामाणिक मत असे की, त्यातील लाल-हिरव्या जेलीने आणि पाकातल्या चेरीने चांगल्या कस्टर्डची चव झाकली जाते आणि हे दुकान खरे तर नुसत्या सीताफळाच्या किंवा साध्या कस्टर्ड आइस्क्रीमवर उभे राहू शकेल. परंतु घरातील मुलांनी हे मत एकमुखाने फेटाळून लावले, आणि दुकान अखेर मुलांच्या हट्टावर चालते हे मालकांनाही मान्य आहे.

आता भाचीविषयी. ती विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहरात राहते. ते शहर तिकडे ‘फ्रोझन कस्टर्ड’ नावाच्या आइस्क्रीमसाठी प्रसिद्ध आहे आणि तेथेही लिऑन्स, कॉप्स, गिलिस अशी जुनी दुकाने लोकांच्या जिव्हाळ्याची आहेत. त्यांतील गिलिस 1938 मधले आणि लिऑन्स 1942 मधले. या पदार्थाचा उगम न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड या समुद्रकाठच्या जत्रेच्या ठिकाणी सांगितला जातो. तेथे 1919 मध्ये कोर बंधूंनी आइस्क्रीममध्ये अंड्याचा बलक घातला, तेव्हा ते अधिक मऊ झाले आणि उन्हात वितळायलाही अधिक वेळ घेऊ लागले. पुढे 1933 च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात ते लोकांसमोर आले आणि अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात रुळले. त्यात हवा फार कमी मिसळलेली असते आणि ते नेहमीच्या आइस्क्रीमपेक्षा थोड्या कमी थंड अवस्थेत वाढतात, त्यामुळे चमच्यावर ते जड आणि तोंडात दाट लागते. आमच्या पेठेतल्या कस्टर्ड आइस्क्रीमचा पहिला घास घेतल्यावर भाचीने हाच जडपणा ओळखला, आणि मग यात अंडे आहे का, असे तिने मालकांना विचारले. मालकांनी काही न बोलता फळ्याकडे बोट दाखविले.

अंड्याशिवाय कस्टर्ड ही आपण शोधलेली पळवाट आहे असे मात्र समजू नये. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचे औषधविक्रेते अल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडी सोसत नसत, म्हणून त्यांनी 1837 मध्ये मक्याच्या पिठाची ही पावडर तयार केली. त्या एका घरातील अडचणीमुळे आज कोल्हापुरातील शाकाहारी कुटुंबालाही कस्टर्ड निर्धास्तपणे खाता येते. आपल्याकडे अंडे घातलेला पदार्थ वेष्टनात विकायचा तर त्यावर मांसाहारी पदार्थाचे चिन्ह लावावे लागते, हेही येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

भाचीने सांगितलेल्या दोन गोष्टींमुळे माझ्या मनातली मागणी पक्की झाली. पहिली म्हणजे, मिलवॉकीच्या या दुकानांतून ‘आजचा स्वाद’ जाहीर करण्याची पद्धत आहे आणि लोक तो पाहून दुकान निवडतात. म्हणजे आमच्या पेठेतल्या फळ्याचा सख्खा भाऊ तिकडेही आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. अमेरिकेच्या नियमांनुसार वजनाच्या किमान 1.4 टक्के इतके अंड्याच्या बलकातील घनपदार्थ आणि किमान दहा टक्के दुग्धफॅट असल्याशिवाय एखाद्या पदार्थाला फ्रोझन कस्टर्ड म्हणून विकता येत नाही. आत काय आहे यावरून पाटीवर काय लिहायचे ते ठरते.

असा नियम आपल्याकडे नाही असे नव्हे. दुग्धफॅटऐवजी पामतेलासारखे वनस्पती तेल वापरले, तर तो पदार्थ ‘फ्रोझन डेझर्ट’ म्हणून विकावा लागतो आणि वेष्टनावर तशी स्पष्ट सूचना छापावी लागते. किराणा दुकानातून डबा विकत घेणाऱ्याला ती वाचता येते. परंतु जो माणूस मुलाचे बोट धरून रंकाळ्यावर उभा आहे आणि कोन मागतो आहे, त्याला डबा दिसतच नाही. डबा काचेखालच्या फ्रीजरमध्ये असतो, त्याचे झाकण कधीच काढून टाकलेले असते, वरच्या पाटीवर ‘आइस्क्रीम’ एवढेच लिहिलेले असते आणि हातात पडतो तो नुसता गोळा. अशा रीतीने वेष्टनासाठी केलेला नियम सुट्या विक्रीत निरुपयोगी ठरतो. वनस्पती तेलाचा पदार्थ विकणे हा गुन्हा नाही आणि तो विषही नाही; कायद्याने त्याला स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र मानक दिलेले आहे, आणि ज्यांना तो स्वस्त पडतो म्हणून हवा आहे त्यांनी तो जरूर घ्यावा. माझी तक्रार एवढीच की, दुधाच्या फॅटचा खर्च सोसणारा आणि तो न सोसणारा, हे दोघेही गिऱ्हाइकाला एकाच पाटीखाली उभे दिसतात. मग जो दूध आटवतो त्याचे आइस्क्रीम ‘महाग’ ठरते.

यात हवेचाही वाटा आहे. आइस्क्रीम घनफळावर विकले जाते, वजनावर नाही. नियमानुसार एक लिटर आइस्क्रीमचे वजन किमान 525 ग्रॅम असले म्हणजे पुरे. गोठविण्यापूर्वीच्या मिश्रणाचे एक लिटर मात्र साधारण अकराशे ग्रॅम भरते. याचा अर्थ एक लिटर मिश्रणात हवा घुसळून त्याचे दोन लिटर आइस्क्रीम करणे कायद्यात बसते. हवा मुळीच नसेल तर आइस्क्रीम दगडासारखे होईल, त्यामुळे तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण दोन दुकानांतील एकाच आकाराच्या गोळ्यांत एकाचे वजन दुसऱ्याच्या दीडपट असू शकते, आणि दरफलकावरून ते समजत नाही. पेठेतल्या त्या दुकानात मी अर्धा लिटरचा डबा घरी नेण्यासाठी मागितला, तेव्हा मालकांनी तो न सांगताच तराजूवर ठेवून वजन दाखविले. ही सवय त्यांच्या वडिलांची असल्याचे त्यांनी सांगितले. प्रत्येक दुकानाने असे करावे अशी अपेक्षा मी ठेवत नाही, परंतु ज्यांच्याकडे तराजू आहे त्यांना ते अवघडही नाही.

फळ्याची कल्पना मी इतर काही दुकानदारांपुढे मांडली, तेव्हा त्यांनी घेतलेले आक्षेप मला अगदीच गैरवाजवी वाटले नाहीत. काहींच्या मते गिऱ्हाईक वाचत नाही. काहींना भीती वाटते की, तेलाचा उल्लेख केला तर शेजारचा न लिहिणारा दुकानदार फायद्यात राहील. हा दुसरा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच हे एकेकट्याच्या मर्जीवर न सोडता सर्वांना सारखे लागू व्हायला हवे. कॅफेत बसून काचेच्या भांड्यात खाणाऱ्याइतकाच हक्क हातगाडीपाशी उभे राहून खाणाऱ्यालाही आहे, त्यामुळे यातून गाड्यांनाही वगळू नये. अक्षर वाचता न येणाऱ्यांसाठी दुधाचे आणि तेलाचे वेगळे चिन्ह ठरविता येईल. हिरवा ठिपका लोकांच्या अंगवळणी पडला, तसे तेही पडेल.

कुटुंबाने चालविलेल्या अशा दुकानांवर आणखी एक भार आहे, त्याचा उल्लेख केल्याविना हे पत्र अपुरे राहील. आइस्क्रीमवरील वस्तू व सेवा कर 22 सप्टेंबर 2025 पासून अठरा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु छोट्या व्यावसायिकांना उलाढालीवर थोडा ठोक कर भरून हिशेबाच्या कटकटीतून मोकळे करणारी जी कंपोझिशन योजना आहे, तिच्यातून आइस्क्रीमच्या उत्पादकांना आरंभापासून वगळण्यात आले. त्या यादीत त्यांचे सोबती कोण, तर पानमसाला आणि तंबाखू. 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या वगळण्याचा फेरविचार करण्यास जीएसटी परिषदेला सांगितले होते, पण त्यानंतरही आइस्क्रीम त्या यादीतच राहिले. यातली विसंगती अशी की, ही अट उत्पादकाला आहे, विक्रेत्याला नाही. कंपनीचे डबे आणून गोळे विकणाऱ्याला ही योजना घेता येते. पहाटे उठून दूध आटविणाऱ्याला, केवळ तो आटवितो म्हणून, ती नाकारली जाते. मालकांची सून वाणिज्य शाखेची पदवीधर आहे, म्हणून त्या घरी मासिक विवरणपत्रे घरच्या घरी भरली जातात. ज्यांच्याकडे अशी सून नाही, त्यांनी पॉट बंद करून डबे आणायला सुरुवात केली तर त्यांना दोष कसा द्यायचा?

आमच्या जिल्ह्यात ‘गोकुळ’ आणि ‘वारणा’सारखे मोठे सहकारी दूध संघ उभे राहिले आणि गावोगावच्या दुधाला फॅटनुसार दर मिळू लागला. फॅट मोजून दुधाचा दर ठरविणे येथील शेतकऱ्याने कधीच स्वीकारले आहे. त्याच दुधाचे आइस्क्रीम विकत घेताना मात्र शहरातील गिऱ्हाइकाला फॅट कोणते हेही कळू नये, हे विचित्र वाटते. यासाठी नवा कायदा होईपर्यंत थांबण्याचीही गरज नाही. अन्न व औषध प्रशासनाचे स्थानिक कार्यालय, महानगरपालिका आणि शहरातील आइस्क्रीम विक्रेते यांनी उन्हाळा सुरू होण्यापूर्वी एकत्र बसून फळ्यावर कोणत्या ओळी असाव्यात एवढे ठरवावे, आणि दूध संघांनी आपल्या दुधापासून आइस्क्रीम बनविणाऱ्या दुकानांची यादी प्रसिद्ध करावी. आपल्या दैनिकाने पुढील पुरवणीत शहरातील थंड पदार्थांच्या दुकानांवर स्वतंत्र लेख प्रसिद्ध केल्यास, त्यात प्रत्येक दुकानाच्या नावापुढे आइस्क्रीम तेथेच बनते की बाहेरून येते आणि त्यात फॅट कोणते असते, एवढी माहिती दुकानदारांना विचारून छापावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
मंगळवार पेठ, कोल्हापूर